न चाखलेल्या मिरच्या

भात करपला तेव्हा हे गॅसपासून हातभर अंतरावर बसले होते. ओट्याला लागून खुर्ची टाकलेली, हातात पेपर. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते आणि जाताना बजावून गेले होते की भाताकडे लक्ष ठेवा, नवा चिनोर आहे, लवकर होतो.

चिनोर म्हणजे आमच्याकडचा वासाचा तांदूळ. विकायला आम्ही दुसरं धान लावतो, पण घरच्यापुरती एक बांधी, शेताचा एक तुकडा, चिनोरची असतेच. वर्षाचा पहिला चिनोर शिजायला लागला की हे जिथे असतील तिथून वासावर येतात आणि ताट मागतात. लग्न होऊन आल्यापासून मी हेच पाहत आले. त्या दिवशी मला अंगणात वास आला तो करपल्याचा. धावत आत गेले तर भाताचा गंज, म्हणजे पातेलं, काळा, धूर पार पंख्यापर्यंत, आणि हे निवांत धानाचे भाव वाचून राहिले होते.

मी रागीट आहे. लपवून काय करू, सगळ्या गल्लीला माहीत आहे. जे तोंडात आलं ते बोलले. वर्षाचा पहिला भात, देवाला दाखवायचा होता, आता हा गंज कोण घासणार, माणूस आहात की खांब. यांनी मान वर केली, धुराकडे पाहिलं, नाक ओढलं. पुन्हा ओढलं. मग उठून चमच्याने तो काळा भात काढला आणि नाकाशी धरून उभे राहिले.

"वासच येऊन नाही राहिला," म्हणाले.

ज्या आवाजात म्हणाले, तो ऐकून मी गंज तसाच सोडून त्यांच्याजवळ गेले.

दिवाळीनंतर त्यांना ताप येऊन गेला होता. साधा ताप. गोळ्या घेतल्या, उतरला. जेवण कमी झालं होतं, पण तापानंतर होतंच तसं, म्हणून मी मनावर घेतलं नव्हतं. आता कळलं की ताप जाता जाता नाक घेऊन गेला. गोंदियाच्या डॉक्टरांनी तपासलं. कोरोनात लोकांचा वास जायचा तसंच आहे म्हणाले, येईल परत, पण कधी ते सांगता येत नाही, आणि नाही आला तर नाही. मी विचारलं, मग माणसाने जेवायचं कसं? ते म्हणाले, जेवायला काय हरकत आहे, पोट तर ठणठणीत आहे.

त्यांचं काय जातं बोलायला. आमचे हे म्हणजे आधी पोटोबा मग विठोबा. शेती आमची चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर. पोरीच्या शाळेसाठी गोंदियाला लागून कुडव्यात घर बांधलं, तेव्हापासून हे मोटरसायकलने शेतावर जातात आणि येताना खायचं काहीतरी घेऊन येतात. तलावाचे झिंगे, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, तुरीच्या शेंगा, कोणाच्या वाडीतली काटेरी वांगी. पिशवी ओट्यावर ठेवायची आणि म्हणायचं, कर काहीतरी. आमचं बोलणं म्हणाल तर एवढंच. चांगलं झालं असं त्यांनी कधी म्हटलं नाही. दुसऱ्यांदा मागितलं की मी समजून घ्यायचं.

ती पिशवी यायची बंद झाली. ताटावर बसायचे, दोन घास खायचे, पाणी प्यायचे आणि उठायचे. कागद चावून राहिलो असं वाटते, म्हणायचे. झिंगे केले, कागद. वडे केले, कागद. मटण केलं, ओला कागद. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल फिरायला लागली. गालफडं बसली. पोरगी आता पुण्यात असते. संक्रांतीला आली ती बापाला पाहून दारातच थांबली. मला वाटायचं, हा माणूस असाच झिजत जाईल आणि मी हातात पळी घेऊन ओट्याशी उभी राहून पाहत राहीन. भीतीच होती ती. आणि मला भीती वाटली की राग येतो, हा माझा जुना रोग आहे.

पोरीने मोबाईलवर वाचून एक गोष्ट सांगितली. वास गेला तरी तिखट जात नाही. तिखट ही चवच नव्हे म्हणे, ते जिभेचं पोळणं आहे आणि त्याचा रस्ता वेगळा आहे. मिऱ्यांचं, आल्याचं, मोहरीच्या झणक्याचंही तसंच. एवढं ऐकलं मात्र, माझ्या पायाला भिंगरी लागली. सगळी दारं बंद झाली म्हणून बसले होते आणि ही सांगून राहिली की एक उघडं आहे.

आधी घरचीच भिवापुरी मिरची दुप्पट टाकली. मग लवंगीचा ठेचा दिला. यांना घाम फुटला, नाक वाहायला लागलं, पण म्हणाले, पोळते, लागत नाही. मला ते काही पटेना. वाटलं, ही मिरची त्यांच्या जिभेला जुनी झाली. जन्मभर तीच खाल्ली, तिचं काय नवल राहणार. जिभेने कधी पाहिली नाही अशी मिरची पाहिजे. पोरीला फोनवर म्हटलं की जगात काय आपली एकच मिरची आहे का. ती म्हणाली, आई, मोजता येणार नाहीत इतक्या आहेत. मग पाठव, म्हटलं.

पहिली आली ती स्पेनची लाल पूड. डबी उघडली आणि मला माझ्या माहेरची चूलच आठवली, ओल्या लाकडाचा धूर आणि त्यात भाजलेलं वांगं. तिकडे म्हणे मिरच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. मी ती यांच्या वाटणीच्या वांग्याच्या भाजीत घातली; माझी मी साधीच ठेवायची.

घातली, पण चाखली नाही. मी चाखत नाही. सासूबाईंनी आल्या आल्या शिकवलं होतं की रांधताना चाखलं की अन्न उष्टं होतं, मग ते देवाला चालत नाही आणि घरच्या माणसालाही नाही. मीठ हाताच्या अंदाजाने, तिखट रंगावरून, बाकी सगळं वासावर. त्याचा मला गर्व होता. नात्यात कुठे लग्न असो, तेरवी असो, भल्ल्या मोठ्या गंजातल्या वरणात मी न चाखता मीठ टाकायची आणि बाया बघत राहायच्या. पण ही स्पेनची पूड लागते कशी ते मलाच माहीत नव्हतं. मग कळणार कसं? यांच्या तोंडावरून. म्हणून मी खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसले.

आधी अशी कधी बसले नव्हते. आमच्या घरी बाया मागून जेवतात, आणि हे जेवत असताना तव्यावर पोळी असायची, त्यामुळे माझी पाठ त्यांच्याकडे. आता ताट वाढून मी समोर बसले आणि त्यांच्या जबड्याकडे, कपाळाकडे, डोळ्यांकडे टक लावून पाहायला लागले. घास चावला. गिळला. कसं आहे, मी विचारलं.

"लाल आहे," म्हणाले.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. पोरीला म्हटलं, दुसरी पाठव.

मग चीनचे मिरे आले. मिरे कसले, उमललेली तांबूस टरफलं, बिया नाहीतच आत. वास लिंबाच्या सालीचा. कोकणातल्या तिरफळाचे हे भाऊबंद, असं पोरगी म्हणाली, पण गोंदियाच्या माणसाला कोकण चीनइतकंच लांब. मी मूठभर भाजून कुटले आणि झिंग्यांत टाकले. हे दोन घास जेवले आणि ओठाला हात लावून थांबले. पुन्हा हात लावला. ओठ कुठे गेला, असं काहीतरी बोलले, पण शब्द जड पडले आणि तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली.

लकवा. मला दुसरं काही सुचलंच नाही. माझ्या सासऱ्यांना झाला होता तेव्हा तोंड असंच वाकडं झालं होतं. कुलूप न लावता यांना स्कूटीवर मागे बसवलं आणि डॉक्टरांकडे नेलं. रस्ताभर हे मागून खांद्यावर थापट्या मारून काहीतरी सांगून राहिले होते आणि मी रडत रडत गाडी हाणत होते, बोलू नका म्हणून ओरडत होते. डॉक्टरांनी हात वर करायला लावले, हसायला लावलं, डोळ्यात बॅटरी मारली. मग विचारलं, काय खाल्लं होतं? मी सांगितलं. डॉक्टर आधी खोकले आणि मग तोंड फिरवून हसले. त्या मिऱ्यांनी जीभ बधिर होतेच म्हणाले, त्यासाठीच खातात तिकडे. तोवर यांची जीभ जागेवर आली होती.

घरी परतताना हे मागून म्हणाले की इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंडात काहीतरी झालं. बस. तेवढं वाक्य मला पुरलं.

त्यानंतर मी थांबले नाही. पोरीने मोबाईलवर मागवायचं शिकवलं आणि मी स्वतः मागवायला लागले. आज पार्सल निघालं, आज नागपूरला पोचलं, आज गोंदियाला. दूध उतू जायचं आणि मी मोबाईल घेऊन दारात उभी. कुरिअरवाला फोन करायचा, "मॅडम, कुडवा में किधर?" आणि मी सांगेपर्यंत मुर्रीच्या रस्त्याला लागलेला असायचा. मग मीच स्कूटी काढून त्याला गाठायची. घरात बसवतच नव्हतं. एका जागी बसले की यांच्या कॉलरीतली ती सैल मान दिसायची.

तुर्कस्तानची मिरची आली, जांभळट काळी आणि तेलकट, हाताला चिकटणारी. आफ्रिकेचे दाणे आले, मिऱ्यांहून बारीक, वेलचीच्या घरातले. पेरू देशाची पिवळी पूड आली, तिला आमसुली फळांचा वास. मेक्सिकोच्या मिरच्यांची तर पुडकीच पुडकी. फळीवरचे डाळींचे डबे खाली आले आणि त्यांच्या जागी या बाटल्या बसल्या. गोंदियाबाहेर मी नागपूर, तिरुपती आणि पोरीचं पुणं एवढंच पाहिलेलं. बाटली उघडायची, वास घ्यायची, आणि मनात यायचं की त्या देशातल्या कुठल्या तरी बाईने ही आपल्या अंगणात वाळवली असेल. तिचा माणूस पोटभर जेवत असेल. मग त्या न पाहिलेल्या बाईचा मला हेवा वाटायचा. आणि दुसरं असं की हे सगळे वास मला येत होते. यांच्यासाठी आणलेली मिरची मीच नाकाने खाऊन राहिले होते, त्याची लाज वाटायची, म्हणून बाटली पटकन बंद करायची.

फरक मात्र पडला. हे अर्धं ताट खायला लागले. नवी मिरची टाकली की मी खुर्ची ओढायची, हे घास घ्यायचे, मी विचारायची. कधी म्हणायचे, आज काहीतरी आहे. कधी म्हणायचे, ही कानापर्यंत गेली. कधी, कालची बरी होती. इतकं तर ते लग्नाच्या पहिल्या वर्षातही बोलले नव्हते. मी लगेच पोरीला फोन करून सांगायची की तुर्कस्तान चाललं, आफ्रिका नाही चालली.

मार्चच्या उन्हात माझ्या थोरल्या जाऊबाई मुर्रीहून आल्या. दिराला पाहून त्यांनी पदर तोंडाला लावला. एवढा उभा माणूस कसा झाला, ही नजर आहे, तुला समजत कसं नाही, असं मला झापलं. आपले वाडवडील माळव्यातून इथवर आले, एवढी जमीन केली, लोकांच्या डोळ्यांत येणारच. मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात नाकाचं आहे. डॉक्टरला नजरेतलं काय कळतं, म्हणाल्या. यांना पाटावर बसवलं, सिगडीत कोळसे पेटवले, मूठभर मीठ घेतलं, मोहरी घेतली आणि फळीवरून हाताला लागल्या त्या मिरच्या घेतल्या. मी चहा टाकत होते. पाहिलं नाही.

आमच्याकडची रीत अशी की ओवाळलेल्या मिरच्या विस्तवावर टाकल्यावर सगळ्यांना ठसका लागला तर नजर नव्हती, आणि मिरच्या जळूनही ठसका लागला नाही तर मात्र नजर भारी. जाऊबाईंनी ओवाळलं, पुटपुटल्या, आणि मूठ कोळशांवर सोडली. मोहरी तडतडली. धूर झाला. आम्ही नाकाला पदर लावून उभ्या. कोणी खोकलं नाही. जाऊबाईंनी पदर काढला, वाकून धुरात तोंड घातलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढी नजर त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. कोणाची, कोणाची म्हणत त्या समोरच्या घरच्या बाईवर आल्या, कारण ती आठवड्यापूर्वी म्हणाली होती की भाऊजी बारीक झाले. जाऊबाई चप्पल घालायला निघाल्या तेव्हा माझं लक्ष फळीवर गेलं.

त्यांनी मेक्सिकोच्या त्या तळहाताएवढ्या काळ्या, सुरकुतलेल्या मिरच्या घेतल्या होत्या. त्या तिखट नसतातच. गोडसर असतात म्हणे, मनुकांच्या वळणाच्या, तिकडे रश्शात वाटून घालतात. मी धावत जाऊन जाऊबाईंना दारात धरलं आणि सगळं समजावलं. त्या ऐकून घेत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "तिखट नाही लागत ते मिरची कोणी कायले पिकवते वं?"

हे पाटावर बसल्या बसल्या हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी. दिवाळीपासून या घरात हसू नव्हतं. जाऊबाई रुसल्या, मग त्याही हसल्या, जेवायला थांबल्या. दोघांना एका पंगतीला वाढलं. जाऊबाई जेवता जेवता आपल्या नातवाच्या तक्रारी सांगत होत्या आणि हे ऐकता ऐकता अख्खं ताट जेवले. त्या दिवशी मी यांच्या भाजीत पेरूची पिवळी घातली होती. सगळं श्रेय मी तिला दिलं.

आणि इथून माझं डोकं फिरलं. पिवळीने एवढं होतं तर हिच्याहून कडक मिरची काय करील? पोरीला जगातली सगळ्यात तिखट कोणती ते विचारलं. तिने नाव सांगितलं आणि वर बजावलं की ती जेवणात घालायची नाही, लोक पैजेवर खातात आणि दवाखान्यात जातात. मी पाठवणार नाही, म्हणाली. नको पाठवू, म्हटलं. मला मागवता येत होतं.

लहानशी बाटली होती, वर लाल कवटीचं चित्र. तेव्हा तरी समजायला हवं होतं. उघडली तर वास फळाचा, गोड. वासावर जाणारी बाई मी, मला वाटलं एवढी काही नसेल. तुरीच्या वरणात चमच्याच्या टोकावर घेऊन टाकली, ढवळली, वाढलं, खुर्ची ओढली.

यांनी घास घेतला. क्षणभर काही नाही. मग मान एकदम ताठ झाली, कान लाल झाले, कपाळावर घामाचे थेंब आले. लागलं का, मी विचारलं. त्यांनी मान हलवली, लागलं. मला इतका आनंद झाला की मी टेबलावर पुढे वाकले. त्यांनी दुसरा घास घेतला. डोळ्यांतून धारा. तिसरा घेताना भात ताटात सांडत होता, तरी त्यांनी तो गोळा करून तोंडात घातला. मी म्हणत होते, अजून घ्या. मग ते उठले, अंगणातल्या नळापर्यंत गेले आणि तिथे सगळं ओकले.

मी पाठ चोळत होते आणि चोळता चोळता बोलत होते. सांगता येत नव्हतं का, तोंड शिवलं होतं का, पहिल्या घासालाच थांबायला काय झालं होतं. त्यांनी चूळ भरली, पुन्हा भरली, आणि कपडे धुवायच्या दगडावर बसले. पोट धरून बसले होते.

"काईच लागत नाही," म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. पोळते, तेवढं समजते."

"मंग इतके दिवस कायले खाऊन राहिले?"

त्यांनी नळाकडे पाहिलं. नळ टपकत होता. तो त्यांनी बंद केला.

"तू समोर बसते ना. कधी बसली नव्हती. नाही खाल्लं तं उठून जाशील वाटलं."

मी तिथून आत आले. त्यांना थंड दूध दिलं, साखर दिली, पलंगावर आडवं केलं. मग ओट्याशी गेले आणि त्या वरणात बोट बुडवून जिभेला लावलं. आयुष्यात पहिल्यांदा. नुसतं बोट. जिभेवर निखारा ठेवल्यासारखं झालं, तो घशात उतरला, कानात गेला, मला उभं राहवेना. दही खाल्लं, गूळ खाल्ला, तरी जाईना. आणि असले घास मी त्यांना एकामागून एक घ्या म्हणत होते. किती महिने. स्पेन, चीन, तुर्कस्तान, एकही मिरची मी स्वतः तोंडात घातली नव्हती. अन्न उष्टं होईल म्हणून. ओट्याला टेकून खूप रडले. मिरचीने रडले असं सांगायची सोय होती, पण विचारायला कोणी नव्हतं.

संध्याकाळपर्यंत त्यांचं पोट निवलं. मी काही मिरची-बिरची न घालता साधं वरण केलं, हळद-मिठाचं. डब्यातला चिनोर काढला आणि भात टाकला. घरभर वास सुटला. हे पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते, उठले नाहीत. वास त्यांच्या डोक्यावरून गेला, दारातून बाहेर गल्लीत गेला. ते पाहवेना मला. हाक मारून त्यांना बसवलं, भात वाढला, वर वरण, वर तूप, आणि सवयीने खुर्ची ओढली.

त्यांनी ताटाला हात लावला नाही.

"तुझं ताट?" म्हणाले.

मी म्हटलं, मी मागून जेवीन. आण, म्हणाले. मी म्हटलं, तुमचं होऊ द्या. ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मग आणलं. त्यांच्या समोर बसून स्वतःला वाढताना दुसऱ्याच्या घरी आल्यासारखं वाटत होतं, पदर सावरून सावरून घेतला. घास तोंडात घातला आणि चटका बसला. भात गरम होता. तेवढ्याने मला कळलं की माझ्या हातचा भात मी गरम असा कधी खाल्लाच नव्हता. नेहमी ओटा पुसून झाल्यावर, तळाचा, गार, तोही अर्धा उभ्याने.

"कसं लागते, सांग," ते म्हणाले.

सांगायला तोंड उघडलं तर सांगता येईना. दहा गावचे लोक माझ्या हातचं जेवून गेलेले, आणि माझा भात कसा लागतो हे मला माहीत नव्हतं. दुसरा घास घेतला. डोळे मिटले. खळ्यावर धान झोडून नवं तणीस पडायचं आणि आपण राखणीला त्याच्यावर झोपायचो, तसा वास आहे, म्हटलं. हे चावता चावता थांबले. अजून सांग, म्हणाले. मऊ आहे, म्हटलं. तूप गोड आहे. वरणात... आणि मी थांबले, कारण मला खरंच वाटेना. पुन्हा घास घेऊन पाहिला.

"वरणात मीठ कमी आहे," म्हटलं.

"पहिल्यापासूनच कमी राहते तुझ्या वरणात," हे म्हणाले. "मीठ तं मले अजूनई समजते."

माझा हात ताटातच राहिला. एवढ्या वर्षांचा तो गर्व, ती लग्नं, त्या तेरव्या. राग आला, खोटं कशाला बोलू.

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"आता तू मिरचीचंच विचारून राहिली होती," म्हणाले. "आन् त्याच्या पहिले तुझी पाठ राहायची."

मी उठले. वरणात चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं, पळीतलं थेंबभर तळहातावर घेऊन चाखलं. अजून थोडं टाकलं, पुन्हा चाखलं. मग त्यांना वाढलं, मला वाढलं, आणि बसले. नाक त्यांचं अजून आलेलं नाही. त्या दिवशीही आलं नव्हतं. पण ताटातला भात संपल्यावर त्यांनी ताट पुढे केलं आणि दुसऱ्यांदा मागितलं.